गंगुबाईंची गादी

(ठाण्यात खोपटजवळचं एक सोनोग्राफी सेंटर. बाकावर डोंबिवलीचे विश्राम तात्या आणि त्यांची सून संचिता.)

संचिता : पुन्हा तेच पत्र? घडीवर फाटायला आलंय ते, तात्या. पंढरीकाकांना अजून उत्तर पाठवलं नाहीत ना?

विश्राम : पाठवीन.

संचिता : गणपतीत आलेलं. आता दिवाळी येईल. तीस वर्षं दर गुरुवारी कल्याणला त्यांच्याकडे वाचनाला जात होतात, आणि एकदम बंद! भांडलात का?

विश्राम : पंढरीशी कोण भांडेल?

संचिता : मग फोन करा.

विश्राम : फोनवर त्याला ऐकू येत नाही, माझा आवाज फुटत नाही. आमचं पत्रांवरच चालतं.

संचिता : तर लिहा ना. किती दिवस झाले, आंतरदेशीय पत्र आणून ठेवलंय मी. पर्समध्ये घेऊन फिरतेय.

विश्राम : अक्षर मुंगीएवढं झालंय गं. त्याच्या मोतीबिंदूला दिसायचं नाही.

संचिता : कारणं बरी सुचतात तुम्हाला. पाणी संपलं का? अरे वा, मी काउंटरवरून येईपर्यंत अख्खी बाटली! आता प्रेशर आलं की सांगायचं, मग आत घेतील.

विश्राम : आलंय.

संचिता : एवढ्यात? चला मग.

डॉ. कल्पिता : जेल गार लागेल हं आजोबा. पोट सैल सोडा. पाणी प्यायलात ना?

विश्राम : एक लिटर.

डॉ. कल्पिता : कोण प्यायलं?

विश्राम : मी.

डॉ. कल्पिता : लघवीची पिशवी तर रिकामी दिसतेय. आणि आमच्या निशाने आत्ताच काउंटरवरून फोन केला, कोपऱ्यातल्या मनी प्लांटची कुंडी वाहतेय म्हणून.

संचिता : तात्या!

विश्राम : चुकलो.

संचिता : अहो, सकाळी सातला निघालोय आपण. हाफ डे टाकलाय मी. आणि तुम्ही झाडाला पाणी घालत बसलात?

डॉ. कल्पिता : ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?

संचिता : मी सून आहे त्यांची.

डॉ. कल्पिता : म्हणूनच म्हटलं.

विश्राम : गेली का?

डॉ. कल्पिता : गेल्या. दार लावलंय. आता सांगा, पाणी का टाळता?

विश्राम : बाहेर असलो की भीती वाटते.

डॉ. कल्पिता : फॉर्मवर लिहिलंय, लघवीची घाई नाही, रात्री उठावं लागत नाही, पोट रोज साफ.

विश्राम : संचिता विचारून लिहीत होती. सुनेला काय सांगणार? मी सगळ्याला नाही म्हणत गेलो. पोटाला तेवढं हो म्हटलं.

डॉ. कल्पिता : मला सांगा. पोट कितव्या दिवशी?

विश्राम : चौथ्या.

डॉ. कल्पिता : वाटलंच. हे बघा, पिशवीच्या मागे आतडं भरलेलं आहे. तेही पिशवीवर दाबतं. पार्किन्सनने हात थरथरतो ते सगळ्यांना दिसतं हो, आतलं कुणाला दिसत नाही. म्हणून तर तुमच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. संडासापर्यंत पोहोचायच्या आधी झालंय कधी?

विश्राम : एकदा.

डॉ. कल्पिता : घरी?

विश्राम : पंढरीकडे. आषाढात. गुरुवार होता.

डॉ. कल्पिता : सांगा, मी ऐकतेय.

विश्राम : त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक गादी आहे. भिंतीकडच्या टोकाला पंढरीची आई बसते. गंगुबाई. ब्याण्णव वर्षांच्या आहेत. अक्षरओळख नाही, पण तीस वर्षं आमचं वाचन ऐकताहेत. मी पान गाळलं तर टोकतात, 'मधलं खाल्लंस रे विश्राम.' त्या दिवशी मी त्यांना लागून बसलो होतो. वाचता वाचता झालं. मला कळलंसुद्धा उशिरा.

डॉ. कल्पिता : मग?

विश्राम : पुस्तक पोटाशी धरलं आणि उठलो. बाहेर पाऊस होताच. रस्त्यावर गेलो की सगळेच ओले. दारात चप्पल घालत होतो, तेवढ्यात मागून पंढरीची बायको म्हणाली, 'अहो आई, सांगायचं नाही का?'

डॉ. कल्पिता : त्यांना वाटलं, आजींनी केलं.

विश्राम : गंगुबाई म्हणाल्या, 'मी नाही गं.' मग त्याच म्हणाल्या, 'झालं असेल बाई. कळत नाही हल्ली.' तेवढं ऐकलं आणि मी जिना उतरलो.

डॉ. कल्पिता : तुम्ही काहीच बोलला नाहीत?

विश्राम : छत्री उघडली.

डॉ. कल्पिता : हं.

विश्राम : मग हे पत्र आलं. पंढरी लिहितो, 'आई आता आतल्या खोलीतच असते. तिला डायपर बांधतो. गादीवर चल म्हटलं तर म्हणते, नको, माझ्या घाणीला कंटाळून विश्राम यायचा थांबला.' डॉक्टर, तुम्हीच सांगा, याला उत्तर काय लिहू?

डॉ. कल्पिता : आधी पाणी प्या. या वेळी तुम्ही प्या, झाडाला नको. लागली की माझ्या दारावर थाप मारा, नंबर असो नसो.

(तासाभराने.)

डॉ. कल्पिता : जाऊन आलात? झोपा परत. हे बघा, वीस मिली उरलंय. म्हणजे पिशवी नीट रिकामी होते. पण जाण्याआधी बघितली तेव्हा जेमतेम दीडशे भरली होती, आणि तुम्ही दार तोडायला निघाला होतात!

विश्राम : राहवेना.

डॉ. कल्पिता : तेच तर. अर्धी भरली नाही तोच मेंदू घाई करतो. हा आजाराचाच भाग आहे. यावर औषध असतं, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

विश्राम : म्हणजे त्या दिवशीचा माझा गलथानपणा नव्हता?

डॉ. कल्पिता : गादी ओली झाली तो? नाही.

विश्राम : हे रिपोर्टात लिहाल?

डॉ. कल्पिता : आकडे लिहीन.

विश्राम : मग त्याचीच झेरॉक्स पंढरीला पाठवली तर? पत्राऐवजी?

डॉ. कल्पिता : पाठवा की. पण आजोबा, त्यात गंगुबाईंचं नाव नसेल.

संचिता : झालं एकदाचं? रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येईल म्हणाले. चला, रिक्षा बघते.

विश्राम : थांब. ते आंतरदेशीय काढ. मी सांगतो, तू लिही.

संचिता : इथे, बाकावर?

विश्राम : इथेच. घरी गेलो की धीर जाईल. मायना घाल, 'तीर्थस्वरूप गंगुबाई यांस, साष्टांग नमस्कार.'

संचिता : पंढरीकाकांना लिहितोय ना आपण?

विश्राम : पत्ता त्याचा घाल. तो वाचून दाखवील त्यांना. बहिरा आहे, ओरडून वाचतो. घरात सगळ्यांना ऐकू जाईल. जाऊ दे. लिही, 'आषाढातल्या त्या गुरुवारी गादी मी ओली केली. तुम्ही नव्हे.'

संचिता : तात्या?

विश्राम : थांबू नकोस गं. तू थांबलीस तर मी थांबेन.

संचिता : 'तुम्ही नव्हे.' हं, लिहिलं.

विश्राम : 'सूनबाई तुम्हाला बोलल्या तेव्हा मी दारात होतो. सगळं ऐकलं. मला आजार आहे, आज तो मशीनवर दिसला. पण मी गप्प राहिलो, ते आजारामुळे नव्हे.'

संचिता : पुढे?

विश्राम : 'तुम्ही तुमच्या जागी बाहेर येऊन बसा. मी यावं की नाही, ते तुम्ही सांगा.' बस. सही मी करतो.

संचिता : मुंगीच्या अक्षरात?

विश्राम : असू दे.

संचिता : म्हणून जुलैपासून पायजमे स्वतः धुताय होय! आणि मी शेजारच्या सोनलला सांगितलं, आमच्या तात्यांना साबणाचं वेड लागलंय. हसलो आम्ही दोघी.

विश्राम : हसण्यासारखंच होतं ते.

संचिता : नव्हतं. घरी गेल्यावर तो फॉर्म परत भरू. तुम्ही नुसतं हो-नाही म्हणा, मी तोंडाकडे बघणार नाही.

विश्राम : बरं.

संचिता : ही बघा एसटी डेपोसमोर टपालाची पेटी. टाकू मी?

विश्राम : नको, मी टाकतो. तू फक्त मनगट धर. हात हलतोय, फटीत जात नाहीये.

संचिता : धरलंय. सोडा आता.

विश्राम : पडलं.

संचिता : असे का बघताय पेटीकडे? परत हवंय का?

विश्राम : नाही. संचिता, मला लघवीला जायचंय. लगेच.