मोजणीच्या आदल्या दिवशी तोडलेली कणसं

मी, तक्रारदाराची मोठी वहिनी, वय ४७, धंदा शेती, राहणार तक्रारदाराच्याच घरात मागच्या दोन खोल्यांत, ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

माझे पती हयात नाहीत. मक्याचं शेत सासऱ्यांच्या नावावर आहे. निम्मं मी कसते, निम्मं धाकटे दीर कसतात. कसतात म्हणजे बांधावर उभे राहतात. पीक खुरटलं की बियाणं वाईट, नाचता येईना अंगण वाकडं. यंदा सासऱ्यांनी ठरवलं, की कापणीआधी दोन्हीकडचा अंदाज काढायचा आणि ज्याचं पीक भारी त्याने पुढे सगळं शेत कसायचं. दुसऱ्याने बाजूला व्हायचं. मी बाजूला झाले तर खाणार काय, हे कोणी विचारलं नाही.

अंदाज काढायला बियाणं विकणारे गृहस्थ येतात. ते पाठमोरे उभे राहून टोपी मागे फेकतात. ती पडेल तिथे दोरी धरून तेवढ्यातली कणसं मोजतात, मधूनच एखादं सोलून दाणे मोजतात. त्यावरून सगळ्या शेताचा हिशेब होतो. टोपी कुठे पडेल ते आधी कळत नाही. म्हणजे लबाडी करायची तर शेतभर करावी लागते, आणि तेवढे कष्ट भाऊजी घेतील असं मला वाटलं नव्हतं. माझा अंदाज तिथे चुकला.

आदल्या दिवशी दुपारी मी सासूबाईंना दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर टोपी फेकली. माझ्या भागात कणसं चांगली भरलेली निघाली. भाऊजींच्या भागात टोपी पडली तिथे नुसती ताटं उभी. पुन्हा फेकली, पुन्हा तेच. भाऊजी ओरडले, "चोरी! वहिनींनी चोरी केली!" आणि तडक इथे येऊन तक्रार दिली. चोराने त्यांचीच कणसं नेली, माझ्या एकालाही हात लावला नाही, म्हणून चोर मीच, असं त्यांचं म्हणणं. जन्मात पहिल्यांदा डोकं चालवलं म्हणायचं.

हवालदार घरी आले तेव्हा धाकटी जाऊ दारात होती. तिला बिचारीला कोणी पढवून ठेवलं नव्हतं. ती म्हणाली, "कणसं होय? गोठ्यात आहेत की. ताईंच्या बाजूची आहेत, जनावरांना टाक, असं हेच म्हणाले काल." वैरणीखाली पोती निघाली. भाऊजी लालबुंद होऊन म्हणाले, "पण मी डावीकडेच गेलो होतो!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

खुलासा असा, की रस्त्यावरून पाहिलं तर माझा मका डावीकडे येतो. कोणी पाहू नये म्हणून भाऊजी मागून, कालव्याकडून शिरले आणि तरीही डावीकडेच वळले. मका डोक्याच्या वर गेलेला, आत सगळं सारखंच दिसतं हे खरं. पण आपलं पीक माणसाला ओळखू येतं. त्यासाठी कधीतरी त्यात पाऊल टाकावं लागतं.

आत्ता बाहेरच्या बाकावर सासरे मला म्हणाले, "रानडुकरांनी खाल्ली असं सांगून टाक. घरातलं घरात राहील. सगळं शेत तुला देतो. नाहीतर आहे तेही विसर." डुकरं कणसं मोडून पोत्यात भरत नाहीत. आणि शेत मला मोजणीने मिळालेलं आहे, तोंड बंद ठेवल्याची बक्षिसी म्हणून मी ते घेणार नाही. सुनेवर चोरीचा आळ आला तेव्हा याच माणसाने चकार शब्द काढला नव्हता. मला त्यांची किळस आली आहे. राग नव्हे, किळस. तसंच लिहा.

शेत जाणार हे मला ठाऊक आहे. जे घडलं ते मी सांगितलं आहे.

हा जबाब दार उघडं ठेवून, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचून दाखवा, असं मीच सांगितलं. तसा वाचला. शब्दन्‌शब्द माझा आणि बरोबर आहे.