घेनारे आले तो दिवस

माहा जन्म पिंपळगाव राजाचा. बाप पिंजारी, घरोघरी जाऊन लोकाइच्या गाद्या पिंजे, अन् संध्याकाळी घरी आला का भुवयापासून पायापरेंत निरा कापूस, माय दारातच झाडे त्याले. तो कशालेच भेत नसे. मी मातर जन्माचा भेवाडा, भाऊ. विहिरीले भेवो, मास्तरले भेवो, कागदावर सही करालेही भेवो. सातवीनंतर मामानं खामगावले आनून शिलाईच्या दुकानात बसवलं, काज-बटनापासून शिकलो, अन् हे काम मले मानवलं, कारन टेलर भेवाडाच पाह्यजे, तीनदा माप घ्यावं तवा एकदा कैची चालवावी. आता सत्तावन वर्षाचा आहो, सोताचं दुकान आहे, दोन्ही पोरीइचे लग्नं झाले, घरी मी अन् माही बायको शमीम, दोघंच.

मंग असा भेवाडा मानूस शेअर बाजारात कसा घुसला, असं तुम्ही इचारसान. काय सांगू तुम्हाले. रेडिमेडनं दुकान खाल्लं. पह्यले ईदेच्या आधी महिनाभर मले जेवाले घरी जाता येत नव्हतं, आता लोकं कपडे मोबाईलवर मांगवतात अन् माह्याकडे फक्त कंबर ढिल्ली कराले आनतात. रिकामा बसून मीबी मोबाईल पाहाले लागलो, त्यात एक जन रोज सांगे का पैशाले झोपू देऊ नका, कामाले लावा. बाजूच्या मोबाईलवाल्यानं खातं उघडून देल्लं. तरी मी भेलोच, आधी मौलानाले जाऊन इचारलं का हे चालते का आपल्यात. ते म्हनले, धंदा हलाल असन अन् तू त्यात हिस्सेदार असशीन त चालते, पन सट्टा नोको खेळू, अन् दुसऱ्या कोनाले त्यात ओढू नोको. पह्यल्या दोन गोष्टी मी ध्यानात ठेवल्या. शेवटची सुटली.

पाइप बनवनाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले, नाव नाई सांगत. ते चढले. एवढे चढले का मीच घाबरलो. अन् मंग दुकानात लोकं येऊन बसाले लागले. चाचा, हा घेऊ का? चाचा, आता महाग झाला का? चाचा, माहा पडला, अजून घेऊन ठेवू का काढून टाकू? एकानं त इचारलं, चाचा, कंपनी बुडली त पोलीस आपल्यालेही धरतीन का? मले काई येत नव्हतं, भाऊ. पन ज्याचा शेअर चढते त्याले सपा, सगळंच समजते असं लोकाइले वाटते, अन् पंधरा दिवसात त्याले सोतालेही तसंच वाटाले लागते.

आता मालती मॅडमचं सांगतो. ह्या आमच्या अथच्या शाळेत गनित शिकवत. वीस वर्ष शाळेच्या गनवेशाचं काम त्याइनं मलेच देल्लं. माही मोठी पोरगी गनितात नापास झाली तवा दोन महिने घरी बसवून शिकवलं, एक पैसा घेतला नाई. मालक लवकर वारले, लेकरू नाई, रिटायर झाल्यावर त्या बुलढान्याले भावाकडे राहाले गेल्या, भाऊ अरविंदबाबू तथी कोर्टात कारकून. एकदा खामगावले आल्या त हातातली नेहमीची छत्री टेकवून दुकानात बसल्या, अन् त्याइनंही तेच इचारलं, शब्बीरभाई, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आहे, तोवर पैसे कशात ठेवू, तुम्ही कशात ठेवले? मी कैची चालवत होतो, वर पाह्यलंही नाई. म्हनलं, मॅडम, पाइपवाल्यात ठेवा, डोळे मिटून ठेवा. अस्सं म्हनलं मी. मी, जो तीनदा माप घेतो. अन् त्याइनं ऑपरेशनचे पैसे त्यात ठेवलेही.

मंग एका सोमवारी मोबाईल उघडला त निरा लाल. कंपनीच्या हिशोबात काई घोळ निघाला म्हने. खालचं सर्किट लागलं. म्हनजे असं, का बाजारात इकनारेच इकनारे, घेनारा एक नाई, अन् त्या दिवसाचा भाव खाली जाऊन तथीच अडकते. बैल बाजारात न्यावा अन् कोनी दाव्याले हात लावाले येऊ नये, तसं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच, रोज थोडा अजून खाली. सकाळी सव्वानऊ वाजता बाजार उघडे अन् मी कैची ठेवून मोबाईल धरो. अकरा वाजता मॅडमचा फोन येये. शब्बीरभाई, काय करू? मी म्हनो, थांबा मॅडम, वर येईन. मले काई मालूम नव्हतं, भाऊ. भेवानं म्हनो.

आठव्या-नवव्या दिवशी मी एका लग्नाच्या सफारीचं कापड कापून राह्यलो होतो, सहज मोबाईल पाह्यला, त घेनारे आले होते. खरंच आले होते, घेनाऱ्याच्या रकान्यात आकडे पळत होते. फोन हातातच होता, त्याच फोनात मॅडमचा नंबर होता. पन मले वाटलं का फोन कराले गेलो अन् तेवढ्यात हे लोकं गेले त? आधी मी निघतो, मंग सांगतो. सपा इकले. निम्म्याच्याही खाली गेले, पन गेले. मंग बसलो, पानी पेलो. पानी पिऊन पाह्यतो त घेनारा एक नाई. दहा मिनिटाचा खेळ. अन् तेवढ्यात मॅडमचा फोन. शब्बीरभाई, आज काय करू? मी म्हनलं, थांबा.

थांबा म्हनलं मी, भाऊ. माहे इकून झाल्यावर.

त्या दिवसापासून मी फोन उचलला नाई. त्या सफारीची बाही उलटी कापली गेली, चाळीस वर्षात असं झालं नव्हतं. गल्लीत कोनी छत्रीवाली बाई वळली का मी पडद्यामागं, जथी लोकं कपडे घालून पाह्यतात, तथी जाऊन उभा राहो. गिऱ्हाईक बाहीर हाका मारे अन् मी आत श्वास धरून. शमीमनं एक दिवस तथीच धरलं मले. म्हने, कोनाचं भेव लागलं तुमाले? सांगतलं तिले. ती म्हने, आपली पोरगी कोनामुळं पास झाली? जा.

रविवारी गेलो, बाजार बंद राह्यते म्हनूनच हिंमत झाली. इकलेल्याचे पैसे पिशवीत घेतले. बोथ्याच्या घाटात एस.टी. वळनावर हळू झाली त मले वाटे का बंदच पडली त बरं. मॅडमनं दार उघडलं, मले पाह्यलं, अन् छातीले हात लावून म्हनल्या, देवा, तुम्ही आहात! फोन उचलेनात, मला वाटलं तुमचंही सगळं बुडालं, तुम्ही जिवाचं काही करून घेतलं की काय. पंधरा दिवस झोप नाही मला.

त्या माह्या जिवाले भेत होत्या, भाऊ, अन् मी त्याइच्या छत्रीले.

आत बसलो. अरविंदबाबू पेपर वाचत होते. मी खाली पाहून सपा सांगतलं, घेनारे आले, मी इकले, तुम्हाले थांबा म्हनलं. पिशवी समोर ठेवली. अरविंदबाबूनं पेपर घडी केला अन् उठून आतमंधी चालले. मॅडम म्हनल्या, अरविंद, तू का चाललास? ते दारात थांबले, पाठमोरेच. मॅडमनं पुन्हा इचारलं. तवा ते म्हनले, ताई, तुझ्या सांगण्यावरून मीही थोडे घेतले होते. त्याच दिवशी ऑफिसात बसून विकले. मॅडम म्हनल्या, एका घरात राहतो रे आपण, रोज चहाला तुला विचारत होते मी, काय करू. ते म्हनले, तुला सांगायला तोंड नव्हतं, ताई.

मॅडम आमच्या दोघाइकडं पाहत राह्यल्या. मंग हळूच म्हनल्या, दोघांनाही विकायचं सुचलं, मी तेवढी सुचले नाही.

ओरडल्या असत्या त बरं झालं असतं. पिशवी माह्याकडं सरकवली, म्हनल्या, उचला, शमीमला द्या. मंग वही आनली, अन् म्हनल्या, विकायचं कसं ते दाखवा, यापुढे मी कोणाला विचारणार नाही. मी दाखवलं, बाजार उघडाच्या आधीच रोज इकाची ऑर्डर टाकून नंबर लावून ठेवा लागते. त्याइनं मोत्यासारख्या अक्षरात लिहून घेतलं. चहा देल्ला. मी पेलो, अन् आलो.

दीड महिन्यानं त्याइचे इकले गेले, मातीमोल. अरविंदबाबू खामगावले आले होते तवा त्याइनंच सांगतलं. गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं, काठी घेऊन चालतात म्हने. मी खातं बंद केलं. तरी लोकं येतातच दुकानात. मी त्याइले हेच सांगतो जे तुम्हाले सांगून राह्यलो, ते आयकतात, मान हालवतात, अन् उठता उठता इचारतात, बरोबर आहे चाचा, पन आता कोनता घेऊ? तवा मी कैची खाली ठेवतो अन् पह्यल्यापासून पुन्हा सांगतो.

दर जुम्म्याले मी दुवा मांगतो का अल्ला मॅडमच्या पायात ताकद देवो, मरेपरेंत त्याइले कोनापाशी हात पसरा लागू नये. माफी मातर अल्लाले मांगत नाई, भाऊ. ते त्याइलेच मांगाची आहे, बुलढान्याले जाऊन. त्या दिवशी सपा बोललो, तेवढं एक बोललो नाई. अन् आजही एस.टी.च्या स्टँडवर जातो, बुलढान्याची गाडी लागते, मी पाह्यतो, अन् घरी येतो.