एका माणसाचा कुकर

(मूर्तिजापूर. देवमनचं स्वयंपाकघर. ओट्यावर विजेवर चालणारा भाताचा नवा कुकर.)

देवमन: इतलासा? अवं पोरी, हे भांडं हाय का खेयनं?

नीलम: एका माणसाचा एवढाच असते, बाबा. अमरावतीत तीन दुकानं पालथी घातली मी याच्यासाठी.

देवमन: मोठा काहून नाई आनला? येनाऱ्या-जानाऱ्याचं काय?

नीलम: कोण येऊन राहिलं आता? आई गेली तेव्हापासून तुमी एक तं शेजारच्या दुर्गाबाईच्या घरची भाकर खाता, नाहीतर चिवडा फाकून झोपता. मले सगळं समजते.

देवमन: त्या दुर्गाबाईच्या पोटात काईच राहात नाई.

नीलम: तिच्यावर नका घसरू. आज तुमच्या हातानं भात लावा. जमला तं खुशाल राहा इथं. नाही जमला तं उद्या सकाळच्या गाडीनं माझ्यासंग अमरावतीले. मग कुरकुर चालणार नाही.

देवमन: अन् घर?

नीलम: घराले कुलूप.

देवमन: तुया मायनं सवता माती कालवून हे घर उभं केलं, अन् तू कुलूप लाव म्हन्तं! आन थे तांदूय.

नीलम: एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. हे बटन खाली दाबायचं. शिजलं की आपोआप वर येते. मी तोवर मागचे वाळलेले कपडे काढून आणतो.

देवमन: जाय, जाय. इतलं समजते मले.

नीलम: (कपडे घेऊन परत येत) अरे बाप्पा! बाबा, हे काय? ओटाभर फेस! बंद करा ना ते!

देवमन: केलं बंद. बोंबलू नको.

नीलम: पाणी किती घातलं?

देवमन: पाच वाट्या.

नीलम: पाच! मी दोन सांगितलं होतं ना? झालं मग. काढा बॅग, भरा कपडे.

देवमन: इसरलो नाई मी. मुद्दाम घातलं.

नीलम: मुद्दाम?

देवमन: दोन वाट्या पानी तं सारं भातातच मुरते. मंग पेज कुठून निघन? तुई माय गंजात भरपूर पानी ठेवे. वरची पेज काढे, मीठ टाके, वाटीभर पाजल्याबिगर कामावर सोडे नाई मले.

नीलम: मलेही. परीक्षेच्या दिवशी तं वाटी घेऊन दारातच उभी राहे.

देवमन: अन् तू नाक मुरडे.

नीलम: गरम असे ना हो! मग स्वतःच फुंकर घालत बसे बिचारी.

देवमन: भात कोनाच्याबी घरी भेटते, नीलम. पेज कोन देते? तिच्यामांगं तांदयाच्या डब्याले हात लावू वाटला नाई मले. थांब, मीठ टाकतो. हं, घे.

(नीलम वाटीतून एक घोट घेते.)

देवमन: खारट झाली का?

नीलम: नाही.

देवमन: मंग रडून काहून राहिली?

नीलम: तशीच झाली, बाबा. आई करे तशीच.

देवमन: भात गिचका होईन जरासा. मशीन नवीन हाय, तिचाबी अंदाज यावा लागते.

नीलम: अजून द्या थोडी.

देवमन: घे, पोटभर घे. सकायी किती वाजता निंघनं हाय आपल्याले?

नीलम: तुमी कशाले उठता लवकर? मी जातो ना. एकलीच.