पाहणीच्या दिवशी आंघोळ नाही

माहेर माझं अंजनगाव सुर्जीच्या अंगाले, बाप पानमळ्यात मजुरी करे, शाळा चौथीपर्यंत, मंग लग्न, अन लग्नही पानमळेवाल्याच्याच घरी. म्हनजे एका मळ्यातून निघाली अन दुसऱ्या मळ्यात आली, काय सांगू तुमाले, दुसरं काही पाहिलंच नाही. पन माझं सोडा, सांगायचं हाये ते आमच्या बुढ्याचं, म्हनजे माझ्या नवऱ्याचं. पानमळ्याचं सोवळं मोठं असते. आंघोळ केल्याबिगर आत जायचं नाही, चप्पल बाहेर, बाईची पाळी असली तं तिनं तिकडे फिरकायचंच नाही. आमचा बुढा त्यातही कडक. माझा सख्खा भाऊ एकदा चप्पल घालून आत शिरला तं ह्यानं त्याले दंडाले धरून बाहेर काढलं, म्हने साळा असशील तू घरी, इथं वेल राहते. दिवसातून दोनदा आंघोळ, धोतर पांढरं फक, अन ते धुवायचं मी. वेलाची केली तेवढी निगा माझी केली असती तं आज मी नीट चालली असती.

तो मानूस मागच्या उन्हाळ्यात लकव्यानं पडला. उजवं अंग गेलं, अन लघवी-संडासचं भानही गेलं. बोलनं तेवढं राहिलं. मी जुनी लुगडी फाडून फडके केले, दिवसभर तेच, बदला, धुवा, वाळवा, पावसाळ्यात वाळतच नाही, मंग ओलेच लावा. पाठीले जखम झाली. दवाखान्यातली नर्स म्हने, आजी, फडके बंद करा, डायपर लावा, नाही तं हे हाडापर्यंत जाईन. मी म्हटलं डायपर कोन देते? म्हने दुकानात भेटते. दुकानात भेटते हे मलेही माहीत हाये. पोरगा नांदगाव पेठेत कपड्याच्या मिलमध्ये हाये, त्यानं एकदा पाकिटं आनून देल्ली, मंग त्याच्या पोरीची फी आली, मंग तो फोन उचलेनासा झाला.

शेजारची शोभा म्हने, काकू, ग्रामपंचायतीत अपंगांसाठी पैसा राखून ठेवला असते, तिथं जा. गेली. ग्रामसेवक म्हने, आजी, तीनचाकी मागा, कानाची मशीन मागा, हे चड्ड्यांचं तं आमी पहिल्यांदाच ऐकून राहिलो. बाकावर बसलेले हासले. मी म्हटलं हासा, तुमचे बापही बुढे होऊन राहिले. मंग ग्रामसेवक म्हने, बरं, घरी येऊन पाहनी करू.

आता घरी कोनी येनार म्हटल्यावर आपन काय करतो? मीही तेच केलं. सारवलं, बुढ्याले आंघोळ घातली, चादर बदलली, धोतर नेसवलं, उदबत्ती लावली. ग्रामसेवक आला, संग आनखी एक सायेब. बुढ्याले विचारलं, बाबा, लघवीचं कसं हाये? तं बुढा मान ताठ करून म्हनते कसा, मी उठून जातो ना संडासले, हिले उगाच बोलाची सवय हाये. उठून जातो म्हने. ज्याले कूस बदलता येत नाही तो. सायबानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, चहा पेला, म्हने आजी, तुमी तं लय चांगलं ठेवलं, अन गेले. आमचं नाव कटलं.

शोभा चिडली माझ्यावर. म्हने काकू, तुमच्या घरी लग्न होतं का? घान पाहाले आले होते ते, अन तुमी त्यायले उदबत्ती दाखवली. पुढच्या बारीले हात लावू नोका बुढ्याले.

मी पुन्हा गेली, भांडली, पुन्हा पाहनी लावून घेतली. त्या दिवशी सकाळी बुढा म्हने, पानी तापव वं. मी म्हटलं आज नाही. म्हने काहून? म्हटलं सायेब येनार हाये. म्हने म्हनूनच तं तापव. मी अंगनात जाऊन डाळ निवडत बसली. तो हाका मारून राहिला, आधी शिव्या देऊन, मंग नुसतं माझं नाव घेऊन. एवढा संसार झाला, ह्या मानसानं मले कधी नावानं हाक मारली नव्हती, ती त्या दिवशी मारली. दुपार झाली, माश्या घोंगावून राहिल्या, तरी मी उठली नाही. उठली असती तं पुन्हा नाव कटलं असतं.

ते आले ते दारातच थांबले, नाकाले रुमाल. ह्यावेळी कोनी काही विचारलं नाही. एक जन मोबाइलवर फोटो काढाले लागला, तं बुढ्यानं डावा हात तोंडावर घेतला. तो म्हने, बाबा, हात काढा, तोंड दिसाले पायजे. बुढा काढेना. मंग मीच जाऊन काढला.

मंजूर झालं. आता पाकिटं येते, कधी उशीर झाला तं मधात फडके लावते, पन येते. जखम भरत आली. नर्स म्हने आजी, तुमी वाचवलं बाबाले. बाबा मात्र त्या दिवसापासून माझ्यासंग बोलत नाही. शोभासंग बोलते, दारातल्या कुत्र्यासंग बोलते, मी बदलाले गेली की भिंतीकडे तोंड करते. नाही बोलत तं नको बोलू बापा. जिता तं हाये.

ग्रामसेवक म्हनून गेला की ही पाहनी दर वर्षी करा लागते. बुढ्याले मी तसं सांगून ठेवलं, म्हटलं पुढच्या वर्षीही त्या दिवशी आंघोळ भेटनार नाही. तोंड भिंतीकडेच होतं. पन ऐकलं त्यानं.