मुरूम लोटला तेव्हा

सकाळी साडेनऊ. नवापूर तालुका. माळरान सुधारण्यासाठी शहरी मैल्याचा गाळ पुरण्याचं काम घेतलेल्या भूपेंद्र शेठच्या घराचा ओटा. ओट्यावरून शेठ बोलतो आहे; पायरीशी प्रिस्किला उभी आहे. तिचा नवरा दानियल चार दिवसांपूर्वी त्याच गाळाच्या खंदकात बुडाला. प्रेत अजून खंदकातच आहे.

— नाही म्हटलं ना. एकदा सांगितलं, दहादा सांगितलं, खंदक उघडायचा नाही. उभी का, बस ना — शीला, पानी लई ये वं, दानियलनी बायको उनी शे — नको? राहू दे. उघडून बघणार काय तू? गटारीचा गाळ आहे तो, त्यात माणूस चार दिवस — तूच सांग, ओळखशील? आणि तुम्हा लोकांत नाहीतरी पुरतातच ना? मग झालं की पुरून! चिंचपाड्याची दफनभूमी काय, हा माळ काय. पाळकाला घेऊन ये, तो प्रार्थना म्हणेल, मी हार आणतो. मोठा आणतो.

चूक कोणाची? त्याचीच. ती तुमची धरणाकाठची सवय — पाणी ओसरलं, गाळाला भेगा पडल्या, भेगेत बोट गेलं की बैल घालायचे आणि गाळपेर करायची. तुझ्या सासऱ्याने, फत्तेसिंगनेच शिकवलं असणार पोराला. अगं, धरणाच्या गाळातलं पाणी खाली मुरतं. हा मुरमातला खंदक, तळाला कातळ, याचं पाणी जाणार कुठे? वर पापड, खाली सगळं पातळ. त्याने बोट घातलं, हसला, म्हणाला, शेठ, चालतंय. मी तिथेच — म्हणजे लांब, बांधावर होतो. बैल घाल असं मी म्हणालो नाही. म्हणालो एवढंच, की सरकारी साहेब पाहणीला येताहेत, त्याच्या आत पेरणी झालेली दिसली पाहिजे, माळ सुधारलाय असं वाटलं पाहिजे. यात बैल घाल कुठे आलं? बैल माझेच, सकाळी मीच त्याच्या हाती दिले, ते सोड.

किती खोल? कोणी भरवलं तुझ्या डोक्यात? कमरेइतका चर, वर हातभर माती — साहेबांनी सांगितलं तेवढंच. इथे जरा जास्त झालं. दोन पुरुष खोल असेल. डंपर दारात येऊन उभे राहतात, परत पाठवू? तुमच्या जमिनीत पिकत काय होतं? कुसळं! आलं होतं कोणी विचारायला? मी आलो. पारुबाई, तुझी सासू, पाया पडली होती माझ्या, जमीन काळी करून द्या म्हणून. झाली ना काळी?

आता रडू नको. त्याला कळलंसुद्धा नाही. आत गॅस असतो, एका श्वासात माणूस खलास. पोलिसांनाही मी हेच सांगितलं. डावा बैल खचला, हा जू सोडवायला उतरला, संपलं. — बैल? बैल निघाला. पोकलेनच्या बादलीला दोर बांधला आणि ओढला वर. तो बघ गोठ्यात, खातोय. हो, माझाच. जातिवंत आहे, असा बैल बाजारात मिळत नाही. — अगं, दोर एकच होता! एकच! तो म्हणतोय आधी मला द्या, शेठ, मला द्या — अरे, धर ना हाताने काहीतरी, जरा दम धर, बैल निघू दे — इतका ओरडत होता की पाड्यावरून माणसं धावत आली असती, आणि साहेबांची गाडी फाट्यापर्यंत आलेली. हा वास, हे सगळं उघडं, काय दाखवू त्यांना? मग म्हटलं नवनीतला, लोट रे मुरूम —

काय?

काय म्हणालो मी? काही म्हणालो नाही. तू काहीतरीच ऐकतेस. बघू नको असं. — शीला! हिला फाटकाबाहेर काढ. चल, नीघ इथून.

खंदक आजही बुजलेलाच आहे. पोकलेन चालवणारा नवनीत त्या दिवसानंतर गावात दिसलेला नाही. पहिली बादली मुरूम पडला तेव्हा दानियल जिवंत होता का, हे भूपेंद्र शेठला अजून कोणी विचारलेलं नाही.