आजन्म गॅरंटीचं कुलूप

(कॅल्गरी. नोव्हेंबरची दुपार, उणे अकरा. कम्युनिटी हॉलचा रिकामा पार्किंग लॉट. लोखंडी स्टँडला कुलूप लावलेली तीनचाकी सायकल. तिच्या पुढच्या पेटीत गोधडी गुंडाळून बसलेली शीला. हेमचंद्रच्या हातात फोन, स्पीकरवर कुलूप कंपनीच्या हेल्पलाइनचं संगीत.)

हेमचंद्र : थांबलं संगीत! छे, पुन्हा सुरू. पस्तीस मिनिटं हीच पिपाणी. एवढ्या वेळात मी नोकरीत असताना फोर्ट मॅकमरीच्या जंगलात एका अस्वलाला गप्पा मारून झोपवलं होतं. घोरायला लागलं बिचारं.

शीला : मलाही तसंच लग्न झाल्यापासून झोपवताय. अहो, मघाशी शेजारची उल्का गाडी थांबवून विचारत होती, सोडू का घरी. काय सांगितलंत तिला?

हेमचंद्र : सूर्यास्त बघतोय म्हटलं.

शीला : दुपारी दोन वाजता.

हेमचंद्र : उल्काला कळलं की तासाभरात आपल्या कस्तुरीला कळणार. आणि लेकीला कळलं की…

शीला : की सायकल विकायची आणि दोघांनी मुकाट्याने तिच्या बेसमेंटमध्ये राहायला जायचं. एकदा जरी रस्त्यात अडकलात तर. लायसन्स गेलं तेव्हा तुम्हीच कबूल केलंत.

हेमचंद्र : डोळ्यांच्या डॉक्टरने लायसन्स नेलं, पाय नाही नेले. गेला अख्खा विंटर तुला महाराणीसारखं फिरवलं की नाही?

शीला : फिरवलंत. म्हणून तर बसलेय इथे. हे गुडघे घेऊन एकदा उतरले तर परत चढवायला दोन माणसं लागतात, आणि इथे आहे अर्धा.

श्रावणी (फोनवर) : थँक यू फॉर होल्डिंग, माय नेम इज श्रावणी, हाऊ मे आय…

हेमचंद्र : श्रावणी? मराठी की काय गं तू?

श्रावणी : अय्या! हो सर, मी नागपूरहून बोलून राहिली.

हेमचंद्र : सर नको, काका म्हण. हे बघ, तुमच्या कंपनीचं कुलूप. खोक्यावर लिहिलंय, उणे चाळीसपर्यंत चालेल, लाइफटाइम गॅरंटी. इथे उणे अकरालाच त्याने मान टाकली. किल्ली आत जाते, फिरत नाही. आणि मला सांग, ही लाइफटाइम कुणाची? कुलपाची की माझी?

श्रावणी : प्रॉडक्टची, काका. कुलपात काही तेल वगैरे घातलं होतं का?

हेमचंद्र : छे छे.

शीला : घातलं होतं. खोबरेल.

श्रावणी : डोक्याला लावतो ते?

शीला : तेच. दसऱ्याला. घरात दुसरं शस्त्र नाही म्हणून हे सायकलीची पूजा करतात. हळद, कुंकू, अक्षता, आणि कुलपाच्या भोकात चमचाभर खोबरेल. चाळीस वर्षं पाइपलाइनमधलं तेल थंडीत गोठू नये म्हणून पगार घेतला या माणसाने!

हेमचंद्र : अगं, हीटरशेजारच्या बाटलीत पाण्यासारखं पातळ होतं. आणि ते ऑफिसचं तेल, हे देवाचं. देवाच्या तेलाची कोण टेस्ट घेतो?

श्रावणी : मग काका, जरा गरम करून पाहा नं.

शीला : केलं. थर्मासमधला सगळा चहा ओतला.

हेमचंद्र : हललं होतं हं क्षणभर! मग चहाच गोठला. आता आत खोबरेल, वर आल्याचा चहा. किल्ली घातली की करकरतं.

श्रावणी : फॉर्ममध्ये चहा नाही आहे… 'अदर लिक्विड' टाकते. काका, खरं सांगू? खोबरेल लिहिलं तर गॅरंटी जाते. तो रकाना खाली सोडून देऊ का?

हेमचंद्र : सोड की! नवं कुलूप कधी येईल?

श्रावणी : दहा ते बारा बिझनेस डेज.

हेमचंद्र : तोवर काकूंचा पुतळा होईल. हॉलवाले समोर उभा करून खाली पाटी लावतील.

श्रावणी : दुसरं काही माझ्या हातात नाही हो काका. स्टेप फोर तेवढी राहिली. किल्ली पूर्ण आत दाबा आणि जोर लावून उजवीकडे फिरवा.

शीला : जोर नको हं. तुमचा जोर मला माहीत आहे.

हेमचंद्र : त्यांचं कुलूप, त्यांची स्टेप. ही दाबली. ही फिर…

श्रावणी : काका? कसला आवाज आला? हॅलो?

शीला : मोडली. अर्धी आत राहिली.

श्रावणी : मोडलेल्या किल्लीची वेगळी कंप्लेंट… सॉरी काकू. स्क्रीनवर येते तेच मी वाचून राहिली. खरंच सॉरी.

शीला : तुझं काय चुकलं, बाळा. ठेव तू. अहो, द्या तो फोन इकडे.

हेमचंद्र : कशाला? मी चालत जातो. चार किलोमीटर म्हणजे काय माझ्या लेखी? घरून करवत आणतो आणि…

शीला : माझ्या पायांची बोटं मला जाणवत नाहीयेत. अर्धा तास झाला.

हेमचंद्र : आणि बोलली नाहीस?

शीला : तुम्ही अस्वल सांगत होता ना.

हेमचंद्र : …घे. ग्लव्ह्ज काढू नकोस, नंबर मी लावून देतो.

शीला : कस्तुरी? हो गं, मीच. ठीक आहोत. हॉलवर येशील का? नाही, पडलेबिडले नाहीत. कुलूप अडकलंय… दोन तास झाले असतील. हो. हो, लक्षात आहे माझ्या. त्यांच्याही आहे. बरं, ये सावकाश, रस्त्यात बर्फ आहे.

हेमचंद्र : ओरडली?

शीला : नाही. वीस मिनिटांत येते म्हणाली.

हेमचंद्र : ओरडली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

शीला : चढा वर. सरकते मी. गोधडी घ्या अंगावर… अहो, बूट नका काढू माझे, गाडीत बघू.

हेमचंद्र : शीला, तिच्या बेसमेंटला खिडकी आहे ना गं?

शीला : आहे. अर्धी.