मिठाची मूठ

आमच्या नातीची, सईची गंमत तुम्हाला सांगायची राहिलीच. परवा शाळेत सरकारी डॉक्टरीण आली आणि सगळ्या पोरांना काट्यावर उभं केलं. सई रडतच घरी.

"आजी, माझं वजन जास्त भरलं. पोरं हसली."

गुटगुटीत पोर चारचौघांत तोललं, मग दृष्ट लागणार नाय तर काय! मी बरणीतलं मूठभर मीठ घेतलं आणि तिची दृष्ट काढायला लागले.

ती झटकन मागे सरली. "आजी गो, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय!"

दोघी पोट धरून हसलो. मग ती हळूच म्हणाली, "पाकिटातला खाऊपण शाळेत बंद झालाय. तू आता आणू नको हां."

माझं हसू तिथंच थांबलं. रोज शाळा सुटताना फाटकाशी पाकीट घेऊन मीच तर उभी असायची.

म्हटलं, "बाय, हे मीठ माझ्यावरून ओवाळ. मायेच्या माणसाचीच दृष्ट जास्त लागते, तेव्हा माझ्याच डोळ्यांतली काढ."

तिनं मूठ घेतली, पण अर्धं मीठ बरणीत परत टाकलं.

"तुलापण कमीच सांगितलंय ना, आजी."